राखेवरची टाकी

१

कागद टाइप केलेला होता, हिंदीत, आणि खाली अंगठ्यासाठी चौकोन आखून ठेवला होता. 'मी, ढुंढिराज, वय एकाहत्तर, मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीला डाग देताना आत पाणी भरायला विसरलो. माझ्याच चुकीने टाकीचा स्फोट झाला. यात गॅरेजमालकाचा किंवा अन्य कोणाचा दोष नाही.' ज्या माणसाला रुद्र पाठ येतो, जो रोज पोथी वाचतो, त्याच्यासाठी अंगठ्याचा चौकोन. ऋताचं डोकं तिथूनच तापलं.

ढुंढिकाका जळिताच्या वॉर्डात पालथे पडले होते. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत मागची सगळी बाजू पट्ट्यांनी झाकलेली, तोंड उशीवर एका बाजूला वळवलेलं. हात तेवढे उघडे होते, पलंगाच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे, काळसर आणि राठ, ती लहानपणापासून बघत आली तसेच.

"ऋता, तू जळक्या गाड्या बघतेस ना गं," ते म्हणाले. "खरं सांग. मी विसरलो का?"

ऋता मोटारींची सर्व्हेअर होती. गाडी ठोकली, बुडाली किंवा जळली की विमा कंपनी तिला पाठवायची आणि काय झालं ते ती लोखंडाकडून वदवून घ्यायची. मंगळवारी आदित्यच्या गॅरेजमध्ये जी गाडी जळली, तिचा कागद आज सकाळी ऋताकडे आला होता. जखमी म्हणून ढुंढिकाकांचं नाव वाचलं तेव्हा ती गाडीकडे न जाता आधी इस्पितळात आली.

दूधविनायकच्या गल्लीत ढुंढिकाका तिच्या बालपणीच्या घरापासून चौथ्या दारात राहायचे. त्यांचा धंदा गंगेच्या गडूंचा. महाराष्ट्रातून आलेली माणसं गंगा भरून न्यायची तो तांब्याचा गडू काका झाकण लावून कथलाचा डाग देऊन बंद करायचे. तो वीस वर्षं देवघरात राहिला तरी थेंब हलायचा नाही. पुढे लोक प्लास्टिकच्या कॅनमधून गंगा नेऊ लागले आणि काका गळक्या पेट्रोलच्या टाक्यांकडे वळले. काम तेच. शेगडीवर तापवलेला तांब्याच्या टोकाचा दांडा, कथील, आणि धीर. उघडी ज्वाळा त्यांनी कधी टाकीला लावली नाही. डाग देण्याआधी ते टाकी काठोकाठ पाण्याने भरायचे, कारण पेट्रोल काढून टाकलं तरी आत त्याची वाफ उरते आणि घात वाफच करते. पाणी भरलं की वाफेला जागा राहत नाही.

"तुम्हाला काय आठवतंय, काका?"

"रविवारची आरती आठवते. मग एकदम हा पलंग." स्फोटात त्यांच्या डोक्यालाही मार बसला होता. "आदित्य म्हणतो, मी मंगळवारी सकाळी टाकी घेतली आणि पाणी न भरताच बसलो. असेलही. गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालूच ठेवला होता मी. विचार काकूला."

सीताकाकू पलंगाशी स्टुलावर बसल्या होत्या. त्या चादर सारखी करू लागल्या, म्हणजे गॅसचं खरं होतं.

"पाठीचं काही नाही गं," काका हळू म्हणाले. "पण पाणी विसरलो असेन, तर मग मी काय उरलो?"

आदित्य उद्या चार वाजता पोलीस चौकीतल्या दरोग्याला घेऊन अंगठा घ्यायला येणार होता. ऋताने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"मी येईपर्यंत कशालाही अंगठा लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि पेन मागायचं. तुम्हाला सही येते."

२

आदित्यचं गॅरेज पांडेपूरच्या रस्त्याला होतं. पत्र्याची मोठी शेड, तीन गाड्या मावतील एवढी. मधल्या जागेवर प्राध्यापक बिंदुमाधवांची जुनी पांढरी गाडी उभी होती. तिची मागची बाजू जळून काळी पडली होती आणि पोटाखाली टाकीची जागा रिकामी होती. बाकीच्या दोन गाड्यांखाली सांडलेलं तेल टिपायला लाकडाचा भुसा पसरला होता.

आदित्य तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घरातला. तो लगबगीने पुढे आला. "दीदी, तुम्ही आलात, बरं झालं. घरचंच माणूस. रिपोर्ट जरा जल्दी दिलात तर गाडीचं काम मोकळं होईल."

"टाकी कुठे आहे?"

"कबाडीवाल्याला दिली. पंचनामा झाला होता ना. फाटलेला डबा ठेवून काय करायचं?"

"मंगळवारचं सांग."

त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. टाकी शिवणीवर गळत होती. सोमवारी नुसती उतरवून ठेवली. मंगळवारी काका नऊलाच आले, शेगडी पेटवली आणि गाडीजवळ बसून डाग द्यायला लागले. साडेदहाला धमाका झाला. "मी ऑफिसात होतो, शार्दूल बाहेर चहाला गेला होता. काका भुलक्कड हो गए थे, दीदी. सगळ्यांना माहीत होतं. मीच दया करून काम देत होतो."

दया हा शब्द ऋताच्या कानात अडकून बसला. ह्याच माणसाच्या गॅरेजच्या पाटीवर 'टंकी लीकेज की गारंटी' लिहिलेलं होतं, आणि ती गॅरंटी ढुंढिकाकांच्या हातांची होती.

मागून शार्दूल आला. आदित्यचा मेहुणा, गॅरेजमधला दुसरा मिस्त्री, गल्लीत मिशांसाठी प्रसिद्ध. आज मिशा नव्हत्या. डोकं गुळगुळीत होतं, भुवयासुद्धा जेमतेम उरल्या होत्या, आणि मे महिन्याच्या त्या भट्टीत त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटाशी बटण लावून घातला होता.

"हे काय रे?" ऋताने विचारलं.

"नागपूरचे सख्खे चुलते गेले, दीदी. क्षौर केलं." तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. त्याने कागदाची पुडी पुढे केली. "प्रसाद घ्या. सकाळी मंगला गौरीला गेलो होतो, काकांसाठीच. त्यांना पण द्या."

पुडीत दोन पेढे होते. ऋताला थोडं बरं वाटलं. निदान एकाला तरी म्हाताऱ्याची आठवण होती. तिने पुडी पर्समध्ये ठेवली.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात, गाड्या धुण्याच्या नळाजवळ, दोन फळ्या समांतर टाकलेल्या होत्या. त्यांच्यामध्ये बारीक चाळलेली राख, चौकोनात नीट पसरलेली. स्फोटाची झळ तिथवर आली होती, कारण भिंतीचा रंग तिथेही करपला होता. त्या करपलेल्या भिंतीवर माणसाच्या उंचीपेक्षा कमी, ओणव्या आकाराचा एक पांढरा भाग कोरा राहिला होता.

"ही राख कसली?"

"तेल सांडलं होतं, दीदी," आदित्य म्हणाला. "राख टाकली."

ऋताने भुशाकडे पाहिलं आणि पुन्हा राखेकडे पाहिलं. मग तिने तिथले सहा फोटो काढले.

३

प्राध्यापक बिंदुमाधव संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. पंचगंगा घाटाच्या वरच्या बाजूला त्यांचं घर. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"मी मंगळवारी घराबाहेर पडलोच नाही," ऋताने काही विचारण्याआधीच ते म्हणाले.

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की ऋता खुर्ची शोधायची. ती त्यांना बाजूला सारून आत गेली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. "गाडीला काय होत होतं, सर?"

त्यांनी सांगितलं. गाडीत पेट्रोलचा वास यायचा. टाकी अर्धी असेपर्यंत काही नाही. पूर्ण भरली की रात्रीतून खाली ओला डाग. ढुंढिराजांनी गाडीखाली झोपून पाहिलं आणि सांगितलं, की वरच्या शिवणीला चीर आहे, म्हणून काटा वर गेला की गळते. टाकी उतरवावी लागेल. "विद्वान माणूस आहे हो. अर्ध्या मिनिटात निदान."

"गाडी कधी हवी होती?"

"मंगळवारी. अवनी येणार होती पुण्याहून, दुपारच्या विमानाने. मुलगी दोन वर्षांनी येतेय म्हटल्यावर… मी आदित्यला सांगितलं होतं, काही झालं तरी मंगळवारीच." बोलता बोलता ते बाकाच्या एका टोकासमोर सरकून उभे राहिले होते. ऋताने मान वाकवली. बाकाखाली निळा प्लास्टिकचा कॅन होता, पाच लिटरचा, यात्रेकरू गंगा नेतात तसला. तिने तो ओढून झाकण उघडलं. आत गंगा नव्हती. पेट्रोलचा वास भपकन वर आला.

प्राध्यापक खाली बसले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "मंगळवारी नऊ वाजता मी गॅरेजवर होतो. स्फोट झाला तो माझ्या पेट्रोलने. मी स्वतःच्या हाताने ओतलं होतं ते."

४

"कशात ओतलं?" ऋताचा आवाज चढला. "नीट सांगा."

"टाकीत. गाडीच्या टाकीत."

"टाकी गाडीला लावलेली होती? नऊ वाजता?"

"हो. आदित्यने सकाळी फोन केला, काम झालंय, टाकी लावतोय, पेट्रोल घालून बघू. मी पंपावरून कॅन भरून नेला. ओतलं आणि घरी आलो. दीड तासाने कळलं, आग लागली. मला वाटलं, मी कॅनमधून आणलं म्हणून काही झालं, सांडलं असेल. घाबरलो मी."

"आणि एक माणूस भाजून पडलाय, तो स्वतःला दोष देतोय, तरी तुम्ही चार दिवस दार अर्धं उघडून बसलात."

ऋताला प्राध्यापकांची कीव आली नाही. सभ्य माणसांच्या भित्रेपणाने जेवढी वाट लागते तेवढी गुंडांनी लागत नाही, असं तिचं पंधरा वर्षांच्या नोकरीतलं मत होतं.

पण नऊ वाजता टाकी गाडीला लागली होती, तर नऊ वाजता काका तिला डाग कसा देत होते? आदित्य खोटं बोलत होता. किती आणि का, ते तिला अजून दिसत नव्हतं.

संध्याकाळी ती वॉर्डात परतली. काका गुंगीत होते. तिने काकूंना विचारलं, सोमवारी घरी आल्यावर काका कामाबद्दल काही बोलले का.

"जेवताना म्हणाले, राखेवर ठेवून आलोय, उद्या बघतो. मला वाटलं कुणाचा गडू असेल. बरेच दिवसांनी गडू आला म्हणून बरं वाटलं मला. मंगळवारी नेहमीसारखे दहाला निघाले, पूजा आटपून."

घरापासून गॅरेज अर्ध्या तासाचं. नऊला ते तिथे पोचूच शकत नव्हते. ऋताने ते मनात टिपून ठेवलं आणि पर्समधली पुडी काढली. "घ्या काकू, मंगला गौरीचा प्रसाद. शार्दूलने दिलाय. त्याचे चुलते गेले म्हणे, डोकं भादरलंय बिचाऱ्याने."

काकूंचा पुढे आलेला हात तिथेच थांबला.

"सख्खे चुलते? म्हणजे त्याला दहा दिवस सुतक."

"हो."

"मग देवळात कसा गेला? सुतकात कोणी उंबरा ओलांडतं का देवाचा? कुंकू लावतं? प्रसाद वाटतं?" काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "त्याची आजी किती सोवळ्याची होती. त्या घरातल्या पोराला एवढं माहीत नाही असं होणार नाही, ऋता. कोणी गेलेलं नाहीये."

ऋता पेढ्याकडे पाहत उभी राहिली. सुतक नाही, तर मग त्याने डोकं, मिशा आणि भुवया कशाकरता घालवल्या होत्या?

५

शनिवारी सकाळी ती गॅरेजच्या गल्लीतल्या कबाडीवाल्याकडे गेली. फाटलेली टाकी ढिगाच्या वरच पडली होती. तो म्हणाला, "ले जाइए बहिनजी, बाकी टिन का क्या मोल है. बस ये टुकड़ा रहने दीजिए, इसमें पीतल लगा है. छुड़ा के अलग बेचेंगे."

"पितळ?" ऋता खाली बसली.

टाकीच्या वरच्या शिवणीवर करडी कथलाची रेघ होती. अर्धी रेघ सरळ, बारीक, ढुंढिकाकांची. उरलेली वितळून ओघळली होती आणि ओघळ थेंब होऊन गोठले होते. कथील वितळायला फार आच लागत नाही. आणि टाकीच्या पोटावर, जिथे ती गाडीला पट्ट्याने आवळलेली असते, तिथे गंजलेल्या पत्र्यावर पिवळा गोळा होता. पितळ. अर्धवट टाका, मधेच सोडलेला. पितळ वितळवायचं तर कोळशाची शेगडी पुरत नाही, गॅसची ज्वाळा लागते.

तिने पितळासकट सगळी टाकी वजनावर विकत घेतली आणि डिकीत घातली. मग ती गॅरेजवर गेली. आदित्य नव्हता. शार्दूल होता, तो तिला बघून शेडबाहेर निघून गेला.

ऋता मागच्या कोपऱ्यात त्या फळ्यांपाशी उकिडवी बसली. लहानपणी ती काकांच्या ओट्यावर तासन्‌तास अशीच बसायची. डाग दिलेला गडू काका लगेच गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत. चाळलेल्या कोरड्या राखेवर रात्रभर ठेवायचे. सकाळी राख तशीच भुसभुशीत असली की गडू पास. कुठे बारीक पोपडा धरलेला दिसला की तिथून थेंब पडलाय. पाण्याने राख आवळते. तेलाने किंवा पेट्रोलने नुसती काळी होते किंवा आहे तशी सुटी राहते.

तिने वाकून फुंकर घातली. वरच्या शिवणीच्या बाजूला राख भुसभुशीत होती. पण मधोमध, पट्टा जिथे येतो नेमक्या त्या रेषेत, रुपयाएवढे दोन पोपडे होते. कडक, करडे, काठाशी किंचित वर वळलेले.

तिने ते नखाने हलकेच उचलले आणि डब्यात कापसावर ठेवले. मग तिथून, त्याच ओणव्या स्थितीत, मागे वळून पाहिलं. पंधरा फुटांवर जळकी गाडी होती. समोर भिंतीवर, तिच्या डोक्याच्या उंचीला, तो न करपलेला पांढरा भाग होता.

ऋताला सगळं कळलं. तिने तिथूनच प्राध्यापकांना फोन लावला.

६

चार वाजता काकांच्या पलंगाभोवती पाच माणसं जमली. आदित्य, शार्दूल, दरोगा, प्राध्यापक बिंदुमाधव आणि काकू. प्राध्यापकांना ऋताने फोनवर एवढंच सांगितलं होतं की न आल्यास ती अवनीला घेऊन येईल. दरोग्याला घाई होती. आदित्यने शाईचा पॅडसुद्धा आणला होता.

"ते मिटव आधी," ऋता म्हणाली. "दरोगाजी, दस मिनट. फिर अंगूठा, दस्तखत, जो चाहिए."

तिने फाटलेली टाकी पलंगाच्या पायथ्याशी आपटली. नर्स ओरडली, पण ऋताने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"आदित्य म्हणतो, सोमवारी काम झालंच नाही आणि मंगळवारी काका नऊपासून डाग देत होते. पण नऊ वाजता ही टाकी गाडीला लागली होती आणि तिच्यात पेट्रोल होतं. सर, सांगा."

प्राध्यापकांनी सांगितलं. त्यांनी काही गाळलं नाही.

"म्हणजे डाग सोमवारीच दिला गेला. ही बघा कथलाची रेघ. काकांनी सोमवारी शिवण बंद केली, टाकीत पाणी भरलेलंच होतं, ती रात्रभर राखेवर ठेवली आणि घरी गेले. आदित्य, तुझ्या गॅरेजमध्ये तेलावर भुसा टाकतात. दोन गाड्यांखाली मी पाहिला. राख फक्त काका वापरतात, आणि ती तेलासाठी नसते. रात्री शिवण गळली नाही. गळली ती पट्ट्याखाली. पट्ट्यात चिखल बसतो, ओल धरतो, पत्रा तिथेच कुजतो. आवळलेला पट्टा होता तोवर चिखलाने ते भोक बुजलं होतं, पट्टा सुटला तसं मोकळं झालं. हे काकांना मंगळवारी सकाळी राख बघून कळणार होतं. पण तू त्यांची वाट बघितली नाहीस. सरांना गाडी हवी होती. तू पाणी ओतून टाकलंस, टाकी लावलीस, पेट्रोल घातलंस आणि ती पट्ट्यापाशी गळायला लागली."

"दीदी, ये सब अंदाज़ा है," आदित्य म्हणाला.

"हे पितळ अंदाज नाही. टाकी पुन्हा उतरवली, पेट्रोल काढलं, आणि आतल्या वाफेचा विचार न करता कोणीतरी गॅसची ज्वाळा लावली. त्या ज्वाळेने वरचं कथील ओघळलं. म्हणजे कथील आधीचं, पितळ नंतरचं. काकांनी आयुष्यात टाकीला ज्वाळा दाखवलेली नाही, पितळेची कांडी हातात धरलेली नाही. आणि जो टाकीवर वाकून काम करतो त्याचं तोंड आणि हात भाजतात." तिने काकांचा लोंबणारा हात उचलला आणि सगळ्यांसमोर उलटासुलटा केला. "दरोगाजी, ये हाथ देखिए. जले हैं? चार दिवसांत कोणी पाहिले नाहीत. सगळ्यांनी पट्ट्या मोजल्या. टाकी फाटली ती कोपऱ्याच्या बाजूने, आणि तिथे काका गाडीकडे पाठ करून राखेवर वाकले होते, म्हणून भिंतीवर त्यांच्याएवढा भाग कोरा राहिला."

दरोगा वाकला आणि त्याने हात पाहिले. त्याने पेनचं टोपण लावलं.

"तोंड आणि हात ज्याचे भाजले तो इथेच उभा आहे," ऋता म्हणाली. "शार्दूल, बाही वर कर."

शार्दूलने आदित्यकडे पाहिलं.

"त्याच्याकडे नको बघू. सुतकात तू मंगला गौरीला गेलास. तुझ्या आजीने तुला एवढं शिकवलं होतं. डोकं आणि मिशा होरपळल्या म्हणून भादरल्यास, आणि चुलत्याला जिवंतपणी मारलंस. पण देवीकडे गेल्याशिवाय राहवलं नाही, कारण मनाला लागलं होतं. बाही वर कर."

त्याने मनगटाचं बटण काढलं. उजवा हात कोपरापर्यंत लाल होता, फोड आलेला, एक केस नव्हता त्यावर. आणि मग तो रडायला लागला, लहान पोरासारखा नाक ओढत.

"जीजाजी म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, काकांना येऊ देत. म्हणाले, उनके भरोसे रहे तो शाम हो जाएगी. मी लावली ज्वाळा. तेवढ्यात काका आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. सरळ कोपऱ्यात गेले राख बघायला. वाकले होते. मी हाक मारायला हवी होती."

"शार्दूल, चुप," आदित्य म्हणाला.

"तू चूप," ऋता म्हणाली. ती ओरडली नाही, पण वॉर्डातली इतर कुजबुज थांबली. "घाई केलीस, चूक झाली, मेहुण्याला वाचवायचं होतं, हे सगळं मला समजतं. पाठ तर बरी होईल यांची. पण तुला कळलं, यांना काही आठवत नाहीये. आणि तू रोज इथे येऊन, या स्टुलावर बसून, यांना सांगत राहिलास की तुम्ही विसरलात. चार दिवस. ते तू घाईत केलं नाहीस."

आदित्यने शाईचा पॅड खिशात घातला. दरोग्याने टाइप केलेला कागद ऋताकडून मागून घेतला आणि उलटा करून हातात धरला. "चलिए, नया बयान लिखते हैं. पहले आपका, आदित्यजी. बाहर आइए." शार्दूल आणि प्राध्यापकही त्यांच्या मागे गेले, न बोलावता.

पलंगाशी काकू आणि ऋता उरल्या. काका डोळे मिटून पडले होते. त्यांनी ऐकलं की नाही, ते कळत नव्हतं.

"काका," ऋता म्हणाली. तिने डबा उघडला. एक पोपडा दरोग्यासाठी बाजूला ठेवला होता. दुसरा तिने कापसासकट त्यांच्या तळहातावर ठेवला. "हे बघा. तुमच्या राखेतलं आहे."

काकांनी डोळे उघडले नाहीत. अंगठा पोपड्यावरून फिरला, एकदा, परत एकदा. मग त्यांनी काठाचा एक कण मोडला, दोन बोटांत चुरला आणि नाकाशी नेला.

"पाणी आहे," ते म्हणाले.

"हो काका."

"पेट्रोल असतं तर पोपडा धरला नसता. पाणी आहे हे." त्यांनी चुरा पुन्हा बोटांत घासला. "शिवणीखाली होतं?"

"नाही. पट्ट्याखाली. शिवण कोरडी होती."

"पट्ट्याखाली. म्हणजे तिथे पत्रा कुजलाय. पट्टा काढून, घासून, दुसरा तुकडा बसवावा लागेल. दोन दिवसांचं काम." त्यांनी डोळे उघडले. आवाज वर चढला. "मग मला न विचारता त्या मूर्खांनी टाकी उचललीच कशी? राख बघायच्या आधी? कोणी शिकवलं त्यांना काम? बोलाव त्या आदित्यला."

सीताकाकूंनी तोंडाला पदर लावला. नर्स धावत आली आणि म्हणाली, पेशंटला इतकं चिडू देऊ नका.

"चिडू दे त्यांना," काकू म्हणाल्या.